कवठाळ्याच्या पाटलांस पत्र

एकदा एका देशात पन्नास वर्षांत तिसऱ्यांदा राज्य बदलले. राज्य बदलले की देशाची नव्याने वाटणी करायची, हा तिथला शिरस्ताच होता. पहिल्या राजाने सुभे केले, दुसऱ्याने सुभे मोडून प्रांत केले, आणि आता तिसऱ्याला जिल्हे नि तालुके हवे होते. प्रत्येक तालुक्याला एक कचेरी, एक धान्याचे कोठार आणि एक वैद्य मिळणार होता. यादीत ज्या गावाचे नाव, त्याच गावाच्या माणसांना त्यांचा लाभ. काम जोखमीचे होते आणि ते एका वृद्ध आचार्यांच्या हुशार शिष्याकडे आले.

शिष्याने ते चार महिन्यांत उरकले. दरबारात वाहवा झाली. पौर्णिमेला यादीवर राजमुद्रा उठायची आणि त्याच्या खांद्यावर शाल पडायची, असे ठरले. त्याआधी आशीर्वाद घ्यावा म्हणून तो आश्रमात आला. आचार्य एके काळी दुसऱ्या राजाकडे याच कामावर होते, त्यामुळे त्यांची शाबासकी त्याला शालीहून मोलाची होती.

आचार्यांनी यादी सावकाश वाचली आणि गावोगाव जाऊन आलास ना, असे विचारले. शिष्य होय म्हणाला. खरे तर स्वारी दप्तरखान्याबाहेर पडलीच नव्हती. जुनी यादी समोर ठेवून त्याने नवी उतरवली होती. आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या होत्या म्हणा ना.

आचार्यांचे बोट एका नावावर थांबले : कवठाळे, घरे एकशे चाळीस.  त्यांनी कागद घेतला, पत्र लिहिले, लाख लावून बंद केले.

"आशीर्वाद मागाहून," ते म्हणाले. "आधी हे पत्र कवठाळ्याच्या पाटलांच्या हाती दे. तू स्वतः जा."

हे तर पत्रे पोचवणाऱ्या जासुदाचे काम. शिष्याला राग आला, पण गुरूंचा शब्द मोडवेना. तो घोड्यावर निघाला आणि तिसऱ्या दिवशी दुपारी नकाशातल्या जागी पोचला. तिथे नदीची वाळू होती, बाभळी होत्या, आणि शेंदूर झडलेला एक मारुती होता. एकशे चाळीस घरांपैकी एकाचाही पत्ता नव्हता.

शेळ्या राखणारी एक म्हातारी तेवढी दिसली. तिचे नाव धुरपदाबाई. त्याने कवठाळे विचारताच ती हसली. "कवठाळं नदीनं नेलं, बाबा. माझा थोरला पोटात हुता तवा. आता समदे वर खडकीला ऱ्हातो."

खडकी हे नाव त्याच्या यादीत नव्हते. सगळी यादी त्याला मुखोद्गत होती. म्हातारी आपली सांगत राहिली. दोन वर्षांमागे वस्तीत पटकी आली. माणसे औषधासाठी कचेरीत धावली. कारकुनाने यादी उघडली आणि असे गावच नाही, पलीकडच्या प्रांतात जा, म्हणून वाटेला लावले. पलीकडच्यांनीही तेच केले. आम्ही मूळचे कवठाळ्याचे, असे सांगितले तर म्हणे मग कवठाळ्यात का राहत नाही? तेवढ्या हेलपाट्यांत अकरा माणसे गेली. त्यांत तिची सून होती.

"तुमी सरकारी मानूस दिसता," ती म्हणाली. "नव्या यादीत तरी हाय का आमची खडकी?"

शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी नुसता पत्र घेऊन आलोय, असे तो पुटपुटला आणि पाटलांची चौकशी करू लागला. शेवटचे पाटील म्हणजे तिचेच सासरे, ते कधीच वारले होते. वाचता कोणाला येत नाही, तेव्हा तुम्हीच वाचा, असे ती म्हणाली.

त्याने लाख फोडली आणि मोठ्याने वाचले : "कवठाळ्याच्या पाटलांस नमस्कार. तीस वर्षांपूर्वी मी तुमच्या गावी न येता तुमची घरे लिहिली. आधीच्या कारकुनाने लिहिली तशी उतरवून घेतली. माझ्या आळसापायी तुमची माणसे औषधावाचून गेली. हे कळून मला दोन वर्षे झाली, पण लाजेने मी कोणापाशी बोललो नाही. क्षमा असावी." अजून एक ओळ होती. तीही त्याने वाचली. "पत्र आणणाराही तुमच्याकडे पहिल्यांदाच येत आहे."

 म्हातारी म्हणाली, "माफीचं आमी काय करू, बाबा? नाव लिवा."

तो तिच्यामागून टेकडी चढला. पत्राच्याच पाठीवर, दारोदार फिरून, त्याने घरे लिहिली. त्रेसष्ट भरली. 

आश्रमात परतल्यावर त्याने ते पत्र गुरूंपुढे ठेवले आणि आपण खोटे बोललो हे कबूल केले. मग मान वर न करताच विचारले, "तुम्हाला ठाऊक होते. मग मला नुसते सांगितले का नाही?"

"सांगितले असते तर तू एक नाव खोडून दुसरे लिहिले असतेस," आचार्य म्हणाले, "आणि बाकीची यादी तशीच मुद्रेखाली गेली असती. राज्ये येतात, जातात. सुभ्याचा प्रांत होतो, प्रांताचा जिल्हा होतो. पण बसल्या जागी लिहिलेले खोटे मात्र एका राज्यातून दुसऱ्या राज्यात सुखरूप पोचते. ते तुला माझ्याकडूनच मिळाले. निदान माझ्या लाजेसकट मिळावे, एवढेच वाटले."

अशी आणखी किती गावे असतील, असे शिष्याने विचारले.

"मला काय ठाऊक? मी गेलोच नव्हतो."

पौर्णिमेला शिष्याने भर दरबारात खरे ते सांगितले आणि एक वर्ष मागून घेतले. लोक हसले, शाल दुसऱ्याच्या खांद्यावर गेली. दुसऱ्या दिवशी पायी निघण्यापूर्वी तो आचार्यांच्या पाया पडायला वाकला, तर त्यांनी पाय मागे घेतले.

"आधी मला खडकीला जाऊन येऊ दे," ते म्हणाले, आणि आपली काठी शोधू लागले.