साखळीवरचा शेंदूर

नारोबा महाराज चिंचखेड्यात आले ते राहायला म्हणून नव्हेच. मारुतीच्या देवळामागे एक पडकी पडवी होती, तिथे त्यांनी गाठोडं ठेवलं आणि म्हणाले, "उद्या निघतो." किती पावसाळे गेले, ते उद्या काही उजाडलं नाही. गाठोडं मात्र कायम बांधलेलं. महाराजांना एका जागी बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. बोलता बोलता उठत, वेशीपर्यंत जात, परत येत. अर्धी भाकरी पडवीत खात, अर्धी पिंपळाखाली. नवख्याला वाटे, हे कसले संत. पण ज्याच्या जिवाला घोर लागलेला असे त्याने महाराजांबरोबर दोन फेऱ्या माराव्यात, आणि घोर वाटेत कुठे गळून पडला ते त्यालाही कळू नये.

असाच घोर घेऊन एक दिवस गिरजाबाई आल्या.

गिरजाबाई सरकारी सुईण. गावात त्यांना नर्सबाई म्हणत. नवरा लवकर गेला, भावाने शिकवलं, आणि नेमणूक झाली ती चिंचखेडा आणि भोवतालच्या वाड्यांवर. दवाखान्याने त्यांना एक काळी सायकल दिली होती. लुगड्याचा काचा मारून, हँडलला पिशवी अडकवून त्या दिवसभर काळ्या मातीच्या वाटा तुडवत.

"महाराज, मला नाम द्या," त्या म्हणाल्या. "पण आधीच सांगते, माझं मन बसत नाही. माळ घेतली की बोटं मण्यावर असतात आणि मन कुणाच्या तरी बाजेपाशी. कुणाचे दिवस भरलेत, कुणाचं मूल आडवं आहे..."

महाराज चालतच होते. मागे गिरजाबाई, हातात सायकल.

"ती का रडतेय?" महाराजांनी विचारलं.

"कोण?"

"तुमची सायकल."

"चेन कोरडी आहे महाराज. तेल घालायला सवड होत नाही."

"मग हीच माळ," महाराज म्हणाले. "रोज संध्याकाळी सायकल उलटी करा. एका कडीवर एक थेंब, एक नाम. मग पुढची कडी. पुरा फेरा झाला की फडकं घ्या आणि वरचं सगळं पुसून टाका."

"पुसायचं? मग लावायचं कशाला?"

"आत जावं म्हणून लावायचं, बाई. आत गेलं ते काम करतं. बाहेर राहिलं ते नुसती धूळ धरतं."

झालं. गिरजाबाईंनी शिंप्याकडून शिवणयंत्राच्या तेलाची एक छोटी बुधली आणली आणि संध्याकाळचा नेम सुरू झाला. थेंब, नाम, कडी. थेंब, नाम, कडी. मग फडकं. मन बसलं का? नाही बसलं. पण आता ते बोटांबरोबर फिरायला लागलं, आणि तेवढंही त्यांना पुष्कळ होतं. सायकलीचं रडणं थांबलं. नर्सबाई दारात येऊन उभ्या राहिल्या तरी आत कळत नसे.

*

देवस्थानाचा कारभार रंगनाथरावांकडे होता. मोठं घर, मोठा आवाज. चिंचखेड्याची रीत अशी की शनिवारी घरात तेल आणायचं नाही. त्या दिवशीचं तेल मारुतीचं. सगळा गाव वाटी वाटी आणी, रंगनाथराव तांब्याची घागर आणत. स्वतःच्या हाताने देवाच्या मस्तकावर ती रिती करत आणि किती जण बघतायत ते बघत. शेंदरात मिसळलेलं ते तेल खालच्या दगडी कुंडीत साचून राही.

अशाच एका शनिवारी, तेल वाहून झाल्यावर, ते पारावर बसले होते. समोर आपल्या खोलीच्या दारात गिरजाबाई, उलटी सायकल आणि बुधली.

"काय नर्सबाई, अभिषेक चाललाय?"

पारावरचे हसले. गिरजाबाईंनी कडी चुकू दिली नाही.

"शनिवारचं तेल मारुतीचं. तुम्ही ते चाकाला पाजता. आता हिची पालखीच काढा. आम्ही भोई होतो."

"महाराजांनी सांगितलंय, रंगनाथराव."

"त्यांचं काय घेऊन बसलात. त्यांना स्वतःला एका जागी बसवत नाही, त्यांना चाकच देव वाटणार."

आणि मग, उपकार करावेत तसे, ते उठले, कुंडीतून वाटीभर तेल घेऊन आले. घट्ट, केशरी.

"लावायचंच असेल तर हे लावा. देवाच्या अंगावरचं आहे. आणि ते फडकं ठेवा बाजूला. प्रसाद कोणी पुसतं का?"

महाराज त्या आठवड्यात पंचक्रोशीत कुठेतरी फिरत होते. विचारायचं कुणाला? शब्द लागला होताच. शिवाय मनाला पटलंही, की शिंप्याच्या तेलापेक्षा देवाचं तेल केव्हाही चांगलं. गिरजाबाईंनी बोटाने ते साखळीवर चोपडलं. फडकं उचललं. हात थबकला. देवाच्या अंगावरून आलेलं असं चिंधीने पुसायचं?

फडकं खिळ्याला टांगलं गेलं. ते तिथेच राहिलं.

रोज एक थर. थरावर धूळ, धुळीवर थर. साखळी कडबोळ्याएवढी जाड झाली. महाराज परत आले तेव्हा सायकलीपाशी क्षणभर घुटमळले, म्हणाले, "बरीच जेवलीय की ही," आणि वेशीकडे निघून गेले. गिरजाबाईंनी मान खाली घातली. पुसायचं धाडस तरीही झालं नाही.

*

पुन्हा शनिवार. भर दुपार. गिरजाबाई ओढ्यापलीकडच्या वाडीवर एका बाळंतिणीला बघायला गेल्या होत्या. रंगनाथरावांचा गडी महादू धावत आला आणि दारातच बसला.

"बाई... मालकांची सुमनताई. पहाटेपासून अडलीय. पोराचा पाय बाहेर आलाय. म्हातारी दाई हात लावीना झालीय. म्हणते, नर्सबाई आल्या तरच."

सुमन पहिलटकरीण. माहेरी आलेली, एकुलती लेक.

"तू ये मागून," गिरजाबाई म्हणाल्या आणि पिशवी हँडलला लावली.

वाडी सुटली. ओढा आला. ओढ्यातून सायकल उचलून नेली. पलीकडे चढ, चढाला जोर लावला आणि

सुटली.

साखळी सुटली. उतरल्या, चढवली. बसल्या. बाभळीपर्यंत आल्या, कडी वाकेना, साखळीने दात्यावरून उडी मारली आणि

सुटली.

चढवली. बोटं केशरी, काळी. राम, राम. पायाच्या बाजूने येणारं मूल, मान अडकली तर किती वेळ असतो ते गिरजाबाईंना ठाऊक होतं. पायडल. विहीर मागे गेली. दोन बांध मागे गेले आणि

पायीच निघावं? पायी गेलं तर ऊन उतरायला लागेल. सुमन तोवर

सायकल आडवी पडली. गिरजाबाई तिच्याशेजारी मातीत बसल्या. कापलेल्या ज्वारीचं रान, चारी बाजूंना नुसती धसकटं, माणूस नाही. त्यांनी सायकल उलटी केली. पदराचं टोक हातात घेतलं. हात पुन्हा तिथेच थबकला. प्रसाद.

"पुसा की," समोरून कोणी म्हणालं.

एक हात पायडलवर होता. दोन भेगाळलेले पाय, धुळीने भरलेले. कोणी गुराखी असेल. वर बघायला गिरजाबाईंना सवड नव्हती. त्यांनी अंबाड्यातला आकडा ओढून काढला, साखळीवरचा घट्टा खरवडला आणि पदराने पुसायला घेतलं. केशरी थर निघाला, खालचा काळा थर निघाला, आणि खाली कडी दिसली.

कोरडी ठक्क. गंजलेली.

वर एवढं तेल, आणि आत त्यातला टिपूसही गेला नव्हता.

पिशवीत एरंडेलाची बाटली होती. सकाळीच संपलेली. तळाशी नुसता ओशटपणा. ती त्यांनी कडीवर उपडी धरली. एक थेंब आला. राम. कडी पुढे सरकली. बाटली पुन्हा उपडी. एक थेंब. राम. पुढची कडी. मंडळी, त्या बाटलीतून एका वेळी एकाहून जास्त थेंब पडला नाही, आणि एक थेंब पडला नाही असंही एकदा झालं नाही.

"हळू फिरवा हो बाबा," गिरजाबाई करवादल्या. "कडी निसटतेय माझी."

"बरं बाई," तो आवाज म्हणाला, आणि पायडल हळू फिरू लागलं.

फेरा पुरा झाला. यावेळी कोणी सांगावं लागलं नाही. त्यांनी साखळी पदराने स्वच्छ पुसली. सायकल सरळ केली, आभार मानायला मान वर केली. रान मोकळं होतं. धसकटांत लपायला ससासुद्धा मावला नसता. पण विचार कोण करतो? गिरजाबाईंनी पायडल मारलं. सायकल आवाज न करता निघाली.

*

मूल पायाकडून आलं, उपाशी आणि रागावलेलं, आणि मोठ्यांदा रडलं. सुमनने डोळे उघडून विचारलं, "काय आहे?" गिरजाबाई म्हणाल्या, "नात आहे रंगनाथरावांची. आवाज आजोबांचा आहे."

बाहेर ओसरीवर रंगनाथराव उभे होते. त्यांनी आधी नातीचं काही विचारलं नाही. ते गिरजाबाईंच्या पदराकडे बघत होते. केशरी, काळा, तेलकट पदर.

"चेन जाम झाली होती," गिरजाबाई म्हणाल्या. "पुसावं लागलं. प्रसाद होता, मला माहीत आहे."

"मीच सांगितलं होतं पुसू नका म्हणून." त्यांचा मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "बाई, दुपारी मी देवळात गेलो होतो. नवस बोलायला. महाराज पडवीत बसले होते."

"बसले होते?"

"बसलेले. हलत नव्हते. फक्त उजवा हात हवेत असा गोल गोल फिरवत होते. मला राग आला. म्हटलं, घरात पोर मरणाच्या दारात आहे आणि तुम्ही खेळ कसला करताय, निदान लवकर काही तरी करा. तर म्हणाले..." रंगनाथराव थांबले. "म्हणाले, हळू फिरवायला सांगितलंय मला."

गिरजाबाई तशाच ओसरी उतरून देवळाकडे निघाल्या.

दोघं पडवीत पोचले तेव्हा महाराज राखेने हात घासत होते. हात काळे, नखांत शेंदूर. रंगनाथरावांनी ते पाहिलं आणि तिथेच लोटांगण घातलं. कपाळ राखेच्या चिखलात.

"ऊठ, ऊठ," महाराज म्हणाले आणि नेहमीसारखे चालायला लागले. "मला उद्या निघायचंय." देवळाच्या दारात मात्र ते थांबले. "रंगनाथा, हा पळणारा देव. औषध आणायला डोंगर उचलून पळाला. तू त्याच्या अंगावर थरावर थर चढवतोस. पुन्हा पळायची वेळ आली तर बिचाऱ्याचे सांधे वाकतील का?"

रंगनाथरावांनी उपरण्याने कपाळावरची राख पुसली.

"शनिवारी संध्याकाळी तिची सायकल उलटी असते," महाराज म्हणाले. "एकटीला एक हात कमी पडतो."

तेव्हापासून चिंचखेड्यात शनिवारी मारुतीला तेल वाहतात आणि मग मऊ फडक्याने पुसून घेतात. आणि देवळासमोरच्या त्या दारात, पारावरच्या सगळ्यांच्या देखत, रंगनाथराव सायकलीपाशी येत. उलट्या सायकलीचं पायडल हाताने फिरवायचं तर वाकावं लागतं. ते वाकत. पागोटं घसरून डोळ्यांवर येई, तरी दुसरा हात ते सायकलीवरून काढत नसत.

"हळू," गिरजाबाई म्हणत.

"बरं बाई," रंगनाथराव म्हणत, आणि हळू फिरवत.