सही कोणत्या आईची?

हुद्दार सर इंग्रजीचा निबंध फळ्यावर लिहून देत आणि नववीचा अख्खा वर्ग तो जसाच्या तसा वहीत उतरवी. त्यामुळे ‘माझी आई’ या निबंधात चाळीस जणांची आई एकच निघाली: शाळेत शिकवणारी, संध्याकाळी पियानो वाजवणारी. मुक्ता डोईफोडेने मात्र मोडक्यातोडक्या इंग्रजीत स्वतःची आई लिहिली, नाक्यावर ट्रकची पंक्चरं काढणारी.

सरांनी त्यावर लाल फुली मारली. “हा शहाणपणा कोणी सांगितला? फळ्यावरचा निबंध पाच वेळा लिही आणि खाली आईची सही आण. नाहीतर तोंडी परीक्षेचे मार्क विसर.”

दुसऱ्या दिवशी पाचही निबंध सुवाच्य अक्षरात हजर होते. सही एकाखालीही नव्हती.

“सही कुठंय?” सर कडाडले.

“सर, आईला मी मराठीत वाचून दाखवला. ती म्हणाली, ‘बाई चांगली दिसतेय, पण ती मी नव्हे. जिच्याबद्दल लिहिलंयस, तिचीच सही घे.’ त्या बाईंचा पत्ता तुमच्याकडे असेल ना?”

वर्ग माना खाली घालून हसू दाबू लागला. सरांनी चिडून मागचं पान उलटलं. लाल फुलीच्या निबंधाखाली, ग्रीसने माखलेल्या अंगठ्याच्या डागाशेजारी, आईने न मागताच सही केली होती.