बुजवलेल्या फटी

डोंगरमाथ्यावर एक गाव होतं. थंडीत तिथे एवढा बर्फ पडायचा की पायवाटाच दिसेनाशा व्हायच्या. म्हणून गावाची एक रीत होती. खालच्या बाजारात लोकर विकायला गेलेली माणसं ज्या संध्याकाळी परतणार, त्या संध्याकाळी मुलांनी खिंडीपासून वेशीपर्यंत बर्फाचे कंदील करायचे. लाडू वळावेत तसे बर्फाचे गोळे वळायचे, एकावर एक गोल रचायचे आणि आत पणती ठेवायची. गोळ्यांमधल्या फटींतून उजेड बाहेर पडायचा. कंदील वाकडेतिकडे दिसायचे, पण त्यांच्या उजेडात माणसं घरी पोचायची.

एका वर्षी नेमका त्याच संध्याकाळी राजा गावात येणार होता. पाटलाने मुलांचे कंदील पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"हे काय उकिरडे मांडलेत? महाराजांना हे दाखवू?"

झालं. मोठी माणसं कामाला लागली. पणत्या पेटवून त्यांनी सगळ्या फटी बर्फाने लिंपल्या, वरून झाकणं बसवली. कंदील अगदी गुळगुळीत झाले.

एक मुलगी पुढे आली. "पाटीलबाबा, फटी राहू द्या. आत वारा गेला नाही तर पणती विझते. माझी आई आज खिंडीतून यायची आहे."

"तुझी आई दरवर्षीच येते. राजा एकदाच येतो," पाटील म्हणाला, आणि सगळे हसले.

या हसण्याचा मला अजून राग येतो. हसणाऱ्यांची माणसंही त्याच खिंडीत होती. खुद्द पाटलाचा मुलगा तिथे होता. राजा येणार म्हटल्यावर बापाला त्याची आठवणही राहिली नाही.

राजा आला, "छान" म्हणाला. पाटील फुगला. तेवढ्यात धुकं उतरलं आणि खिंडीजवळची पणती विझली. मग तिच्या शेजारची. दुरून हाक आली, "अरे, वाट कुठे आहे?" हाक दरीच्या बाजूने येत होती.

मुलीने आवाज ओळखला. ती धावली आणि राजासमोरच तिने मूठ मारून एक कंदील फोडला. आतली मिणमिणती ज्योत वारा मिळताच सरळ उभी राहिली.

"कार्टे, हे काय चालवलंयस?" पाटील ओरडला.

"तुमची शोभा तुमच्या घरात मांडा," ती म्हणाली. "माझी आई दरीकडे चालली आहे."

मग सगळीच मुलं तुटून पडली. त्यांनी भराभर भोकं पाडली, विझलेल्या पणत्या शेजारच्या ज्योतीवर पुन्हा लावल्या. राजा काय बोलला, ते कोणी ऐकलंच नाही.

आधी मुलीची आई आली, गुडघ्यापर्यंत बर्फाने माखलेली. तिच्यामागून बाकीचे आले. सगळ्यात शेवटी पाटलाचा मुलगा आला. थंडीने त्याचे ओठ निळे पडले होते.

"बाबा," त्याने विचारलं, "दिवे का विझवले होते?"

पाटलाने आधी राजाकडे पाहिलं, मग बर्फाकडे.

तात्पर्य: मुलांचं काम वाकडं दिसलं म्हणून लगेच हात घालू नये. ते कशासाठी केलंय हे आधी त्यांना विचारावं, आणि त्यांनी सांगितल्यावर हसू नये.