लाल पेनाची सही

शिरोलीच्या पद्माक्कांचा ओतकामाचा कारखाना लहान, पण नजर भारी संशयी. एका बड्या मोटार कंपनीचे खरेदीप्रमुख नाडगौडा पुरवठ्याचा करार घेऊन आले आणि म्हणाले, "छापील मसुदा आहे, अक्का. दोन्ही बाजूंना सारखा न्याय. डोळे मिटून सही करा."

डोळे मिटून म्हटल्यावर अक्कांनी चष्मा चढवला. कंपनीने करार केव्हाही मोडावा, दर मनाला येईल तेव्हा बदलावेत, अक्कांनी मात्र दुसऱ्या कुणाशी व्यवहार करू नये! नाही म्हणावं तर भट्टी थंड, हो म्हणावं तर गळ्याला फास. ह्या बाबानं तरी हे वाचलंय का, अशी शंका त्यांना आली.

"उद्या या. माझा मसुदा तयार ठेवते."

दुसऱ्या दिवशी नाडगौडा लाल पेन उघडूनच बसले. पुरवठादाराच्या मसुद्यावर तुटून पडायची त्यांना जुनी खोड.

"करार केव्हाही मोडणार? पोरखेळ आहे का?" पहिलं कलम खोडलं. "दर मनाला येईल तेव्हा बदलणार? ही तर दादागिरी!" दुसरं गेलं. "आणि आम्ही दुसऱ्या कुणाशी व्यवहार करायचा नाही? आम्ही काय तुमचे वेठबिगार?" तिसऱ्या कलमावर तर कागदच फाटला.

अक्कांनी कागद अलगद ओढून घेतले.

"साहेब, मसुदा तुमचाच आहे. मी फक्त दोघांच्या नावांची अदलाबदल केली होती. खोडलेलं खोडलेलंच राहू द्या; आता नावं पुन्हा जागेवर ठेवते, आणि सही करते. अगदी डोळे मिटून!"