न शिकवणारा भिवा तांडेल

फार फार वर्षांमागं काळवी नदीवर पूल नव्हता, तेव्हा वेळसांगवीची होडी भिवा तांडेल चालवायचा. म्हातारपणी त्याची कंबर बसली. मुलगा तापानं गेला आणि वल्हं धरायला घरात उरली एकटी सून, यसू. तिला पाण्याची भीती. पण होडी थांबली तर पलीकडच्या वाड्यांना ना वैद्य, ना सुईण. म्हणून ती शिकायला तयार झाली.

भिवा मात्र शिकवीचना. होडीला लांब दोर बांधून तो तिला वल्ह्याशिवाय आत बसवी आणि होडी सोडून देई. होडी कधी लव्हाळ्यात अडके, कधी भोवऱ्यात गरगरे. यसू काठाकडं बघून विचारी, आता काय करू? म्हातारा सुपारी कातरत बसे. महिन्यानं वल्हं दिलं, तेव्हा ती पाण्याला झोडपूच लागली. तळहातांना फोड आले. भिवा एवढंच म्हणाला, "हात फार बोलतो तुझा, पोरी."

श्रावणात नदी फुगली आणि पलीकडं कुंभाराची सून बाळंतपणात अडली. भिवा मागच्या फळीवर बसला आणि यसूनं होडी नेली. अडलेलीला घेऊन येताना मधोमध लोंढा आला. होडी आडवी झाली. यसूनं मागं पाहिलं, तर भिवा मुठी मिटून, डोळे मिटून बसलेला. तिला संताप आला, आणि मग वल्ह्यावरची पकड आपोआप सैल झाली. पाण्याची ही ओढ तिच्या ओळखीची होती. ती आधी आत नेते, मग काठाकडं वळते. यसूनं वल्हं नुसतं टेकवून धरलं. असं म्हणतात, नदीनं होडी ओंजळीत घेतली आणि अलगद घाटावर ठेवली. दोर बांधायच्या आत मूल रडलं.

लोक भिवाच्या पाया पडू लागले. तो म्हणाला, "मी तर झोपलो होतो."

यसू फणकारली, "मला कुणी नाही शिकवलं. माझी मी शिकले."

असं म्हणतात, म्हातारा असा हसला की पलीकडचे बगळे उडाले.

रात्री ताट वाढताना तिला त्याचे तळहात दिसले. नखं रुतून रक्त साकळलं होतं. भाकरी कुस्करून तिनं त्याला आपल्या हातानं भरवली.

आजही वेळसांगवीत नवा नावाडी पहिली खेप करतो, तेव्हा गावातलं सर्वांत जुनं माणूस मागं मुकाट बसतं. काठ लागला की ते विचारतं, "कुणी आणलं?" नावाडी म्हणतो, "माझं मीच." मग सगळे त्या मागच्या फळीला हात लावून नमस्कार करतात.