घोणशीचा सूड

प्राणी एकमेकांशी बोलत, त्या काळची ही गोष्ट. विषावर संशोधन चाले अशा एका जागी मडक्यात घोणस राहायची आणि शेजारच्या तबेल्यात म्हातारा घोडा. तिचं विष थोडंथोडं घोड्याला टोचत आणि त्याच्या रक्तातून सर्पदंशाचं औषध करत.

एके सकाळी घोणस विष काढणाऱ्या सटवाजीला चावली. त्याच्या हिरड्यांतलं रक्त थांबेना.

“घोडेदादा, तुमचाही सूड उगवला,” ती म्हणाली.

बाटल्यांमागून बाटल्या औषध चढवलं, तेव्हा सटवाजी वाचला. औषधाचं कपाट मात्र रिकामं झालं. लगेच माणसं सुई घेऊन तबेल्यात आली.

घोड्यानं सवयीनं मान पुढे केली. “तू चावलीस त्याला, पण रक्त माझंच जातंय, बाई,” तो म्हणाला. बाटल्या भरेपर्यंत तो खाली बसला आणि पुन्हा उठला नाही.

आठवड्यानं सटवाजीनं पुन्हा विष काढायला मडकं उघडलं, तेव्हा तबेल्यात कोवळं शिंगरू बांधलेलं होतं.