दहावा डोळा

एका शहरात डोळ्यांचे एक रुग्णालय होते. तिथे इंदुमती ठोसर नावाच्या एक डॉक्टरीणबाई काम करत. वय अठ्ठावन्न. तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत त्या एकोणीस वर्षे एकाच कामाच्या मागे लागल्या होत्या.

आपल्या बुबुळावर एक पारदर्शक पडदा असतो. तो रोज झिजतो आणि रोज नवा होतो. त्याला नवा करणाऱ्या पेशी बुबुळाच्या कडेला असतात. त्यांना मूळ पेशी म्हणतात. डोळ्यात चुना किंवा तेजाब उडाले की त्या जळून जातात. मग पडदा नवा होत नाही, पांढरा पडतो, आणि त्या डोळ्याला दिसेनासे होते. इंदुमतीबाई रुग्णाच्या चांगल्या डोळ्याच्या कडेवरून तांदळाच्या कणीएवढा तुकडा घेत, काचेच्या बशीत त्याचा पातळ पापुद्रा वाढवत आणि तो जळलेल्या डोळ्यावर बसवत.

सांगायला सोपे आहे. पहिली सहा वर्षे पापुद्रा धरलाच नाही. कधी बुरशी लागली, कधी वीज जाऊन उबेची पेटी थंड पडली. बरोबरचे लोक एकेक करून दुसरीकडे गेले. बाई राहिल्या. चिकाटीने राहिल्या की दुसरे काही येत नव्हते म्हणून, हे त्यांनाही सांगता आले नसते.

अखेर दहा माणसांवर उपचार करून बघायची परवानगी मिळाली. नऊ जणांना दिसू लागले. दहावी होती शेवंता मोहिते. चुन्याच्या भट्टीवर कळीचा चुना विझवताना तिचा उजवा डोळा भाजला होता. तिलाही सहा महिने छान दिसत होते. मग ती तपासणीला यायची थांबली.

उपचारांना दीड वर्ष झाल्यावर अहवाल सरकारी समितीकडे पाठवायची वेळ आली. तो मान्य झाला की उपचार सगळ्यांसाठी खुला होणार होता. रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर श्रोत्री कागद घेऊन बाईंच्या खोलीत आले.

“शेवंताबाई सलग दोनदा आल्या नाहीत. नियमाप्रमाणे त्यांना मोजणीतून वगळता येतं,” ते म्हणाले. “नऊपैकी नऊ असं लिहू. त्यात खोटं काही नाही.”

“ती का आली नाही ते कळायला हवं,” बाई म्हणाल्या.

“बाई, बाहेर एक्केचाळीस माणसं वाट बघतायत. तुम्ही थकलात, मीही थकलोय. सही करा आणि सुटा.”

श्रोत्री वाईट नव्हते. त्या एक्केचाळीस जणांची नावे त्यांना पाठ होती. आणि सही करावी असे बाईंनाही मनापासून वाटत होते. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी संपणार होते. त्यांनी पहिल्या पानावर सही केली. दुसऱ्या पानावर शेवंताच्या नावापुढे ‘पत्राला उत्तर नाही’ असे छापले होते. शेवंताला लिहिता-वाचता येत नाही, हे बाईंना ठाऊक होते. त्यांनी पेन बंद केले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने त्या शेवंताच्या गावी निघाल्या. शेवटचे तीन मैल चालावे लागले. शेवंता अंगणात शेंगा फोडत बसली होती. बाईंना बघताच तिने पदर ओढून उजवा डोळा झाकला.

“शेवंताबाई, पदर बाजूला करा,” बाई म्हणाल्या.

डोळा पुन्हा पांढरा पडला होता.

“आला का नाहीत?”

“कुठल्या तोंडानं येऊ, डॉक्टरीणबाई? तुम्ही एवढं केलंत, आन् माझ्याच्यानं डोळा राखला गेला न्हाई. चुलीपाशी बसले, धूर लागला असंल. माझंच चुकलं.”

इंदुमतीबाई तिच्या शेजारी जमिनीवरच बसल्या. एक वर्ष ही बाई आपल्या घरात अपराध्यासारखी वावरत होती, आणि तिकडे कागदावर तिला वगळायची तयारी चालली होती.

“तुमचं काही चुकलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “धुरानं एवढं होत नाही. आमच्याच कामात काहीतरी राहिलंय. काय राहिलं, ते मला अजून माहीत नाही.”

शहरात परतल्यावर त्यांनी अहवालात ‘दहापैकी नऊ’ असे लिहिले. दहाव्या डोळ्याचे छायाचित्र जोडले. समितीने विचारले, दहावा का गेला? बाईंनी उत्तर दिले की ठाऊक नाही. समितीने कारण सापडेपर्यंत परवानगी थांबवली.

श्रोत्री रागावले नाहीत. “तुम्हाला विश्रांती नको असेल, पण त्या लोकांना डोळे हवे होते,” एवढेच ते म्हणाले. रागापेक्षा ते बोलणे बाईंना जास्त लागले.

त्या वर्षात वाट बघणाऱ्यांच्या यादीतले एक म्हातारे शिक्षक वारले. त्यांच्या मुलीने फोन करून नाव काढायला सांगितले. बाईंनी नाव खोडले. आपण केले ते बरोबर की नुसता हट्ट, हे त्या रोज स्वतःला विचारत. कामाला जायचे म्हणून त्या जात राहिल्या.

प्रत्येक पापुद्र्याचा एक छोटा तुकडा बाईंनी गोठवून ठेवलेला होता. ते दहाही तुकडे त्यांनी बाहेर काढले आणि सूक्ष्मदर्शकाखाली मूळ पेशी मोजायला घेतल्या. डोळे दुखत, मान अवघडे. सात महिने गेले. मग उत्तर दिसले. शेवंताची शस्त्रक्रिया चार दिवस पुढे ढकलली गेली होती आणि पापुद्रा तेवढे दिवस बशीत वाढत राहिला होता. दिसायला तो सगळ्यांत भरघोस होता. पण जास्त दिवस वाढताना मूळ पेशी साध्या पेशी होऊन गेल्या होत्या, त्यात त्या जवळजवळ उरल्याच नव्हत्या. पडदा काही महिने टिकला, झिजला, आणि नवा करणारे कुणी नव्हते.

आणखी एका तुकड्यात मूळ पेशी थोड्याच होत्या. तो त्या नऊ यशस्वी रुग्णांपैकी एकाचा होता. बाईंनी त्याला बोलावून घेतले. त्याच्या डोळ्याच्या कडेला पांढरी झाक येऊ लागली होती. ‘नऊपैकी नऊ’ लिहून उपचार खुला झाला असता, तर असे किती डोळे आधी उघडून नंतर मिटले असते, याचा हिशेब श्रोत्रींनी मनात केला आणि ते खुर्ची ओढून बाईंबरोबर तुकड्यांच्या नोंदी वाचायला बसले.

मग नियम ठरला. मूळ पेशी मोजल्याशिवाय एकही पापुद्रा डोळ्यावर बसवायचा नाही. पुढच्या वर्षी परवानगी आली. सुरुवात शेवंता आणि तो पांढरी झाक आलेला रुग्ण, या दोघांपासून झाली. शेवंताच्या चांगल्या डोळ्यावरून पुन्हा तुकडा घ्यायचा होता. त्यातला धोका बाईंनी तिला दोनदा समजावून सांगितला. “मागल्या बारीला तुम्ही ‘ठाऊक न्हाई’ म्हणालात,” शेवंता म्हणाली. “आता ठाऊक हाय म्हणताय. घ्या.”

वर्ष उलटले तरी पडदा स्वच्छ राहिला. शेवटच्या तपासणीला बाईंनी तिचा डावा डोळा हाताने झाकला आणि विचारले, “काय दिसतं?”

शेवंता भिंतीवरच्या तक्त्याकडे बघेना. ती बाईंच्या तोंडाकडेच बघत राहिली.

“तुम्ही लई दमलेल्या दिसता, डॉक्टरीणबाई,” ती म्हणाली.

तात्पर्य: आपले अपयश मोजणीतून वगळू नये, ते कबूल करून त्याचे कारण शोधणे कितीही थकवणारे असले, तरी उपाय तिथेच सापडतो.